रेस अडकते, पण फक्त फर्स्ट शिफ्टला

सकाळी पावणेसातला मेहुण्याचा फोन, आवाज जरा घाबरलेला. "दाजी, गाडी रेस सोडत नाहीये. पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला क्लच दाबला तर इंजिन खाली यायचं सोडून बोंबलायलाच लागलं, पुढच्या रिक्षाला लागलोच असतो." म्हटलं मग काय केलं, तर म्हणे किल स्विच मारला, म्हणजे इंजिन बंद करायचं हँडलवरचं बटण. शाबास म्हटलं, बरोबर केलंस, आता कंपनीत जा आणि सावकाश जा.

आधी सांगतो की मी काही मेकॅनिक नाही, नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला आहे, व्हॉल्व्ह आणि सेन्सरशी रोज झटापट. सातपूरला एका मामांचं गॅरेज आहे (सगळे मामाच म्हणतात, माझ्या वडिलांच्या स्कूटरपासून ओळख), तिथं रविवारी जाऊन बसतो. हे प्रकरण तिथंच सुटलं, आणि सुटेपर्यंत जे काही झालं ते सविस्तर लिहितोय, कारण "रेस अडकते" म्हटलं की सरळ थ्रॉटल बॉडी (इंजिनात किती हवा जाईल ते ठरवणारा भाग) बदलायला सांगतात आणि इथं तेच होणार होतं.

गाडी तीनशे सीसीच्या आसपासची सिंगल सिलिंडर, बीएस ६, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची. कंपनीचं नाव लिहीत नाही, गाडीचा दोष नव्हताच. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जुन्या गाडीत मूठ फिरवली की केबल ओढली जाते आणि केबल थेट कार्बोरेटर किंवा थ्रॉटल बॉडी उघडते. इथं मूठ फिरवली की फक्त एक सेन्सर फिरतो, तो ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, सांगतो की मालक एवढी रेस मागतोय, आणि मग ईसीयू थ्रॉटल बॉडीवरच्या छोट्या डीसी मोटरला हुकूम सोडतो, ती गिअरमधून बटरफ्लाय, म्हणजे हवेच्या वाटेतली गोल झडप, फिरवते. बटरफ्लाय खरंच किती उघडली ते सांगायला तिथं दुसरा सेन्सर. मोठ्या बाइकवर हे पूर्वीपासून आहे, २००६ च्या यामाहा आर ६ वर होतं, आपल्याकडं २०१७ च्या केटीएम ३९० ड्यूकवर आलं तेव्हा पोरं त्याचं फार कौतुक करायची, आता नेहमीचं झालंय.

म्हणजे इथं दोन आकडे आहेत हे डोक्यात पक्कं बसवायचं. एक मुठीचा, म्हणजे मागणी. दुसरा बटरफ्लायचा, म्हणजे पुरवठा. आणि दोन्ही ठिकाणी सेन्सरचे दोन-दोन ट्रॅक असतात, जुळ्या भावासारखे, एक चुकला तर दुसरा चुगली करतो. दोघांचं जुळलं नाही की ईसीयू लगेच फॉल्टचा कोड टाकतो, डॅशवर पिवळा दिवा लावतो आणि मोटरचा सप्लाय तोडतो, मग स्प्रिंग बटरफ्लायला आणून एका ठरलेल्या किंचित उघड्या जागी ठेवते, गाडी मुंगीच्या पावलांनी घरी नेता येईल इतपत.

आता मेहुण्याची आधीची हकीकत. हा राहतो पंचवटीत, नोकरी गोंद्याला. ही अडचण दोन-तीन आठवड्यांपासून होती आणि पठ्ठ्या दोनदा शोरूमला जाऊन आला होता, आम्हाला पत्ता नाही. पहिल्यांदा गेला तेव्हा त्यांनी स्कॅनर लावला, म्हणे एकही कोड नाही, सकाळी थंडीत गाडी आपोआप जास्त आरपीएम ठेवते ते नॉर्मल आहे. तरी हा हटून बसला म्हणून थ्रॉटल बॉडी स्प्रे मारून साफ करून दिली आणि त्याचे पैसे घेतले. दुसऱ्यांदा गेला तेव्हा मात्र दोन कोड सापडले आणि थ्रॉटल बॉडी, मुठीचा सेन्सर सगळं धरून साडेअठरा हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं. तेव्हा त्याला दाजी आठवले.

रविवारी दुपारी गाडी मामांकडं आणली. ऊन मी म्हणत होतं. मामांनी मूठ पिळली, सोडली, टक्क करून मागं. हँडल पूर्ण डावीकडं लॉक करून पिळली, उजवीकडं करून पिळली, टक्क. चालू करून पिळली, मस्त खाली येते. मामा म्हणाले, "याला भास होतोय का रे?" मेहुणा हिरमुसला. मी पण गाडी घेऊन पपया नर्सरीपर्यंत चक्कर मारून आलो, काहीच नाही, आरपीएम जरा चढे वाटले उभं राहिल्यावर पण अडकणं वगैरे अजिबात नाही.

मग कोड बघितले, कारण एस्टिमेट त्यांच्याच जोरावर दिलं होतं. मामांकडं स्कॅनर आहे, सीटखालच्या लाल सहा पिनच्या कनेक्टरला लागतो. पी २१२२ आणि पी २१२७. हे दोन्ही मुठीच्या सेन्सरचे, एक म्हणतो पहिल्या ट्रॅकचा व्होल्टेज फार कमी, दुसरा म्हणतो दुसऱ्या ट्रॅकचाही फार कमी. आता विचार करा, एका ट्रॅकची वायर तुटली किंवा ट्रॅक झिजला तर एकाचाच कोड येईल, सोबत दोघं जुळत नाहीत म्हणून पी २१३८ येईल. दोघंही एकाच वेळी मेले म्हणजे काय? बहुतेक वेळा एकच अर्थ, कनेक्टर निघाला होता. त्यात कोडसोबत फ्रीझ फ्रेम साठवलेली असते, म्हणजे कोड पडला त्या क्षणाचा फोटोच म्हणा, ती उघडली. स्पीड ० आणि आरपीएमही ०, हवेचं तापमान ३६. सकाळी सहाला मार्चमध्ये ३६ कुठून आलं? आणि आरपीएम शून्य म्हणजे इंजिन बंद, फक्त चावी चालू. कोणीतरी दुपारी चावी चालू ठेवूनच सेन्सरचा कनेक्टर काढून बघितला होता, त्याचे हे कोड. शोरूमच्या पोराने स्वतःच पाडलेले कोड स्वतःच वाचले आणि त्याच्यावर एस्टिमेट केलं. मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही, घाईत होतं असं, आमच्या प्लँटमध्ये पण होतं. पण ते कोड खरे असते तर मेहुण्याला रस्त्यात पिवळा दिवा दिसला असता आणि गाडीनं रेस घेणंच सोडलं असतं. त्याची तक्रार तर नेमकी उलटी आहे, गाडी रेस सोडत नाही.

म्हणून कोड बाजूला ठेवले आणि याला चहा पाजून प्रश्न विचारायला बसलो. कधी होतं? "सकाळी." रोज? "रोज नाही ना दाजी, मागच्या आठवड्यात एकदा पण नाही झालं, या आठवड्यात चारदा." मागच्या आठवड्यात काय वेगळं होतं? जरा थांबला आणि म्हणाला, सेकंड शिफ्ट होती.

इथं माझी ट्यूब पेटली. फर्स्ट शिफ्टला हा सहाच्या आत घर सोडतो, गाडी रात्रभर गल्लीत उघड्यावर उभी, नाशिकची मार्चची पहाट म्हणजे पंधरा-सोळा डिग्री. सेकंड शिफ्टला भर दुपारी निघतो. आणि शोरूमला कधी गेला, तर शिफ्ट सुटल्यावर चार वाजता, दोन्ही वेळेला. आमच्याकडं आणली ती पण दुपारी. म्हणजे थंडीत अडकतं आणि आपण सगळे उन्हात शोधतोय.

पण शोरूमवाला जे म्हणाला त्याचाही विचार करायला हवा, थंड इंजिनला ईसीयू मुद्दाम जास्त आरपीएम देतो हे खरंच आहे. फक्त ते पहिली एक-दोन मिनिटं, इंजिन तापलं की उतरतं. हा पंचवटीतून द्वारका, मुंबई नाका करत पाथर्डी फाट्याला येईस्तोवर आठ-दहा किलोमीटर होतात, इंजिन कधीच गरम झालेलं असतं. मग थंड काय राहतं? हँडल. वारा लागत असतो सतत, आणि हा हातमोजे घालतो म्हणून हाताची ऊब पण मुठीला मिळत नाही. संशय मुठीवर आला तो असा.

मामा म्हणाले गाडी राहू दे रात्रभर, सकाळी बघू. पण मला सकाळी सातला पंच करायचं होतं. समोर रसवंती होती, उसाच्या रसाची, तिथून बर्फ आणला, प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून उजव्या मुठीला गुंडाळला, वरून फडकं. रसवंतीवाला बघतच राहिला. दहा मिनिटं थांबलो.

चावी चालू, इंजिन बंद, स्कॅनरवर लाइव्ह डेटा, मुठीचा टक्का आणि बटरफ्लायचा टक्का शेजारी-शेजारी. मामांनी पिळली आणि सोडली, टक्क, ०. पुन्हा, ०. मामांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं मामा, हळू सोडा. सिग्नलला येताना माणूस मूठ अशी झटकन सोडत नाही, हळूहळू परत आणतो. हळू आणली, बोटं काढली, आणि आकडा ५.५ वर थांबला. थांबला म्हणजे थांबलाच. मुठीला समोरच्या बाजूला किंचित ढकललं, ०. परत हळू सोडली, ४.८. परत, ५.५. मेहुण्याच्या चेहऱ्यावर असा आनंद की जणू त्याला लॉटरी लागली, भास नव्हता ना!

ही हळू सोडायची गोष्ट महत्त्वाची आहे. झटक्यात सोडलेली मूठ वेगाच्या जोरावर चिकटलेल्या जागेतून निघून जाते, हळू सोडलेली तिथं बसते. आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या मुठीची स्प्रिंग बऱ्याचदा हलकी असते, तिला ना केबल ओढायचीय ना बटरफ्लाय, फक्त हाताला फील यावा आणि मूठ परत यावी एवढंच काम. त्यामुळं जुन्या गाडीत जाणवला पण नसता एवढासा अडथळा इथं मुठीला धरून ठेवतो.

आता तुम्ही म्हणाल ५.५ टक्के म्हणजे किती ते. चालू करून बघितलं, तेवढ्यावर न्यूट्रलला इंजिन २,९०० ला जाऊन बसलं, एरवी १,५०० पाहिजे. लोडशिवाय एवढी रेस पुष्कळ होते, म्हणूनच क्लच दाबल्यावर इंजिन बोंबललं. आणि कोड? एकही नाही. कसा येणार, दोन्ही ट्रॅक एकमताने ५.५ सांगतायत, बटरफ्लाय पण इमानदारीत तेवढी उघडी आहे. ईसीयूच्या दृष्टीनं सगळं बरोबर आहे, मालकाला थोडी रेस हवीय. ईसीयू दोन सेन्सर ताडून बघू शकतो, पण मूठ तुमच्या हातानं धरलीय का मळानं हे त्याला कुठून कळणार?

थंडीतल्या फास्ट आयडलचा (आयडल म्हणजे मूठ न पिळता इंजिन ज्या आरपीएमवर चालतं ते) मुद्दा पण इथंच निकालात निघाला. फास्ट आयडलमध्ये मुठीचा आकडा ० राहतो आणि बटरफ्लायचा वाढतो, कारण तो ईसीयूचा स्वतःचा निर्णय असतो. इथं मुठीचा आकडाच वर होता. हे दोन आकडे शोरूममध्ये पहिल्याच दिवशी सकाळी सहाला बघितले असते तर... असो, सकाळी सहाला शोरूम उघडतं कुठं.

पण एक शंका माझ्या मनात राहिली होती. मूठ खरंच अडकतेय, का मूठ पूर्ण परत येतेय आणि थंडीनं सेन्सर चुकीचं सांगतोय? आमच्या लाइनीत हे नेहमीचं भांडण, व्हॉल्व्ह खोटा का ट्रान्समीटर खोटा. म्हणून दोन गोष्टी केल्या. पहिलं मल्टिमीटर. या सेन्सरला सहा वायरी, दोन पाच व्होल्टच्या, दोन ग्राउंड, दोन सिग्नल. कनेक्टरच्या मागून बारीक पिन सरकवून मोजलं (वायरीला सुई टोचू नका, पावसाळ्यात तिथूनच हिरवं गंज चढतं). सप्लाय दोन्ही ४.९८. मूठ शून्यावर असताना एक सिग्नल ०.९२, दुसरा ०.४६. अडकल्यावर १.१० आणि ०.५५. दोन्ही वेळेला पहिला दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट. पूर्ण पिळल्यावर ४.२० आणि २.१०, मधे सावकाश फिरवताना कुठं उडी नाही, खड्डा नाही. सेन्सर बिघडलेला असता तर दोघं इतकं सुरात खोटं बोलले नसते. हे आकडे या गाडीचे आहेत हां, काही गाड्यांत एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, तुमच्या गाडीचं तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा.

दुसरं, व्हाइटनर. मुठीच्या कडेवर आणि शेजारच्या स्विचच्या क्यूबवर (बटणांची डबी) समोरासमोर एक बारीक रेघ मारली. गरम असताना रेघेसमोर रेघ. बर्फ लावून हळू सोडल्यावर रेघ हुकली, जेमतेम मिलिमीटरभर. मामा म्हणाले एवढ्यानं काय होतंय. मी हिशोब सांगितला, मूठ फिरते साधारण सत्तर डिग्री, त्याचे साडेपाच टक्के म्हणजे चार डिग्रीच्या आत, आणि चौतीस मिलिमीटर व्यासाच्या मुठीवर चार डिग्री म्हणजे सव्वा मिलिमीटर सुद्धा नाही. आकडा बरोबर जुळला. म्हणजे मूठच अडकतेय, सेन्सर बिचारा खरं सांगतोय, वायरिंग ठीक, थ्रॉटल बॉडीचा तर संबंधच नाही. नुसत्या डोळ्यानं ते मिलिमीटर कोणालाच दिसलं नसतं.

मग उलटी परीक्षा म्हणून मामांच्या घरून हेअर ड्रायर मागवला (पोरगी रागावली), मूठ गरम केली, दहा वेळा हळू सोडली, दहाही वेळा ०. पुरे झालं. खोलायला घेतली.

हँडलच्या टोकाचं वजन काढलं, क्यूबचे दोन स्क्रू काढले, मुठीची नळी हळूच बाहेर ओढली, आणि आत काय असेल? गुलाबी! हँडलच्या पाइपवर आणि नळीच्या आतून गुलाबी-काळपट चिकट लगदा, बोटाला लावला तर जुन्या काकवीसारखी तार निघतेय. मामांनी वास घेतला, म्हणाले, "चेन लूब."

सगळ्यांनी मेहुण्याकडं बघितलं. तो जमिनीकडं.

झालं असं होतं. रंगपंचमी. नाशिक बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, आमच्याकडं धुळवडीला नुसतं तोंडाला लावून मोकळे होतात, खरा रंग रंगपंचमीला, आणि जुन्या नाशकात, पंचवटीत पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत, म्हणजे जमिनीत बांधलेले मोठे हौद, वर्षभर बंद असतात, त्या दिवशी उघडून रंगाच्या पाण्यानं भरतात आणि लोक त्यात धप्पा मारतात. याने धप्पा मारला, तसाच निथळत गाडीवर बसला आणि घरी आला. बाह्यांमधून रंगाचं पाणी मनगटावरून मुठीत. हाताला, अंगाला कोरडा गुलालही लागलेला, त्याची भुकटी पण आत. दुसऱ्या दिवशी वॉशिंग सेंटरवाल्यानं प्रेशरनं मारलं, बाहेरचं निघालं, आतलं आणखी आत गेलं. दोन दिवसांनी मूठ कडक लागायला लागली म्हणून याने यूट्यूबवर काहीतरी बघून मुठीच्या फटीत चेन लूबचा स्प्रे मारला. लगेच हलकी झाली, हा खूश. चेन लूब बनवलेलंच असतं चिकटून राहायला, नाहीतर चेनवरून उडून जाईल. त्यात गुलालाची भुकटी आणि सध्या कुंभमेळ्याच्या कामांमुळं सगळीकडं रस्ते खोदलेत त्याची धूळ. उन्हात पातळ, थंडीत डिंक.

"आधी का नाही सांगितलंस?" तर म्हणे, "दाजी तुम्ही विचारलं रेस कधी अडकते, रंगपंचमीचं कुठं विचारलं?" आता याला काय बोलणार, बहिणीचा लाडका आहे.

साफसफाई सोपी होती पण एक-दोन गोष्टी सांभाळल्या. नळी प्लॅस्टिकची, म्हणून पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर नाही, कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, बाटली घासायच्या ब्रशनं आतून घासली. पाइप आधी साबणानं आणि मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल कापडाला लावून पुसला, पाइपवर एक जुना ओरखडा उभा राहिला होता तो बारीक पॉलिश पेपरनं हलकेच बसवला. सेन्सर क्यूबच्या आत असतो, तो उघडला नाही, त्याच्या तोंडाशी आलेला लगदा कापडानं टिपून घेतला फक्त, स्प्रे अजिबात नाही. आणि बसवताना ग्रीस, तेल काहीही न लावता कोरडंच बसवलं. मामांना हे पटेना, चाळीस वर्षं ग्रीस लावूनच मुठी बसवल्यात त्यांनी. केबलच्या गाडीचं वेगळं होतं मामा, म्हटलं, तिथं स्प्रिंग बैलासारखी ओढायची. शेवटी हो म्हणाले पण तोंड वाकडं करूनच. टोकाचं वजन बसवताना मूठ आणि वजनात फट ठेवली, मामांच्या गॅरेजचं व्हिजिटिंग कार्ड दुमडून आत जाईल इतपत, कारण रबर त्या वजनाला घासलं तरी हेच दुखणं होतं.

परत बर्फ. (रसवंतीवाल्यानं आता पैसे मागितले.) वीस वेळा हळू सोडली, डावीकडं लॉक, उजवीकडं लॉक, वीसही वेळा ०. टाळ्या वगैरे झाल्या.

आणि गाडी चालू केली तर आयडल १,८५०.

दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. मेहुणा म्हणाला, "परत?" मला पण धस्स झालं, दुपारी चक्कर मारताना आरपीएम चढे वाटले होते ते आठवलं. इंजिन पूर्ण गरम, तरी १,८५०. पण आता निदान बघायचं कुठं ते माहीत होतं. मुठीचा आकडा ०. म्हणजे मागणी नाही, हात सुटलेला आहे, जास्तीची हवा पुढून कुठून तरी जातेय. एक शक्यता, मॅनिफोल्डच्या (थ्रॉटल बॉडी आणि इंजिन जोडणाऱ्या) रबरातून हवा चोरतेय, शोरूमवाल्यांनी थ्रॉटल बॉडी काढली होती तेव्हा क्लिप नीट बसली नसेल. रबराभोवती थोडं पाणी फवारून बघितलं, इंजिनाच्या आवाजात फरक नाही, क्लिप पण घट्ट. दुसरी शक्यता त्याच साफसफाईतली. बटरफ्लायच्या कडेला कार्बन जमतो, त्यामुळं तेवढ्याच कोनात हवा कमी जाते आणि ईसीयू हळूहळू शिकतो की आयडलला थोडी जास्त उघडायची. नंतर कोणी कार्बन साफ केला की भोक मोठं झालं पण ईसीयूच्या डोक्यात जुनाच हिशोब, म्हणून आयडल चढतं. साफ केल्यावर ते शिकलेलं पुसून परत शिकवायला लागतं, ते बहुतेक राहून गेलं होतं. आपोआपही शिकतो कालांतराने, पण याची मूठ सकाळी शून्यावरच येत नव्हती तर तो आयडल शिकणार कधी?

मामांच्या स्कॅनरमध्ये या गाडीसाठी रिसेट होतं, ते केलं, बॅटरी १२.६ व्होल्ट आहे बघून घेतलं आधी, मग चावी बंद-चालू, मुठीला हात न लावता गाडी चालू करून दहा-पंधरा मिनिटं तशीच सोडली. आयडल आधी १,७०० ला खेळलं, मग उतरत उतरत १,५०० ला स्थिर. कोड पुसले, हारनेस (वायरींचा जुडगा) हलवून बघितलं, हँडल या टोकाचं त्या टोकाला, परत आले नाहीत.

थोडक्यात एकाच गाडीत तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींवर चढून बसल्या होत्या. मूळ दुखणं मुठीतल्या लगद्याचं. त्यावर थ्रॉटल बॉडी साफ केल्यामुळं चढलेलं आयडल, त्यानं सकाळी मूठ अडकल्यावर आरपीएम आणखीच वर जायचे. आणि त्यावर कनेक्टर काढल्याचे कोड, ज्यांचा दोघांशीही काही संबंध नाही. साडेअठरा हजार खर्च केले असते तर नवीन सेन्सर बसवताना मूठ खोलली गेली असती, लगदा कोणीतरी पुसला असता आणि सगळे म्हणाले असते बघा, सेन्सरच गेला होता.

पुढचा आठवडा याची फर्स्ट शिफ्ट होती. गाडी रोज रात्री तशीच उघड्यावर. याला काम दिलं की सकाळी चावी चालू करायच्या आधी मूठ पाच वेळा हळू सोडायची आणि व्हाइटनरची रेघ जुळते का बघायची, मोबाइलवर फोटो काढून पाठवायचा. सहा दिवस पावणेसहाला फोटो आले, सहाही दिवस रेघेसमोर रेघ. गुरुवारी पाथर्डी फाट्यावरून फोन, "दाजी, रेस सोडल्यावर आरपीएम एकदम पडत नाहीत, जरा रेंगाळून येतात." विचारलं किती रेंगाळतात, तर सेकंदभर. म्हटलं ते या गाडीचं ट्यूनिंग आहे, ईसीयू बटरफ्लाय झटकन मिटत नाही मुद्दाम, धुराच्या नियमांसाठी, नवीन होती तेव्हाही असंच होतं. खात्री म्हणून संध्याकाळी स्कॅनर लावून बघितलं, मूठ लगेच ०, बटरफ्लाय पाठोपाठ सावकाश. तिथं विषय संपला.

मामांनी लेबर तीनशे घेतलं आणि बर्फाचे चाळीस वेगळे लावले. चेन लूबचा डबा त्यांनी मेहुण्याच्या डिकीतून काढून आपल्या फळीवर ठेवलाय, म्हणतात चेनला लावायचं असेल तेव्हा इथं येऊन लाव.